नया नगरचं विरजण

चर्चगेटहून विरारकडे जाणारी लोकल दहिसर सोडते आणि मुंबई संपते. पुढचं स्टेशन मीरा रोड. इथे ठाणे जिल्हा सुरू होतो. खिडकीपाशी जागा मिळाली (मिळत नाही म्हणा!) तर खाडीकडची खारफुटी दिसते, मधूनच मिठागरांचे चौकोन चमकतात आणि मग एकदम इमारतींची दाटी सुरू होते. स्टेशनच्या पूर्वेला उतरलात, की पाच-दहा मिनिटांत तुम्ही नया नगरात पोहोचता.

नाव 'नया', पण आता ते काही नवं राहिलेलं नाही. १९८० च्या आसपास इथे पहिल्या इमारती उभ्या राहू लागल्या. मुंबईत जागा पुरेना म्हणून माणसं आली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर आणखी आली. कुणी डोंगरी-भेंडीबाजारातून, कुणी उत्तर प्रदेशातून, कुणी थेट रत्नागिरी-रायगडातून. त्यामुळे हैदरी चौकात पाच मिनिटं उभं राहिलात, तर उर्दू, हिंदी, कोकणी, मराठी, गुजराती असं सगळं कानावर पडतं. रमजानच्या संध्याकाळी इथल्या रस्त्यांवर जो खमंग वास सुटतो, त्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. पण आज मी तुम्हांला त्या खाऊच्या पुढच्या प्रवासाला नेणार आहे. म्हणजे कुठे? पोटात!

त्याचं असं झालं. माझ्या पाचवीच्या वर्गातला एक मुलगा पावसाळ्यात दहा-बारा दिवस शाळेत आला नाही. परत आला तेव्हा गालफडं बसलेली, गणवेशाची चड्डी पट्ट्याने आवळलेली. डब्याच्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, डॉक्टर म्हणाले, माझ्या पोटातले चांगले जंतू मेले. जंतू चांगले असतात का?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. "जंतू म्हणजे घाण, हात धुवा," एवढंच आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं सांगत आलो. हात धुवायचेच, त्यात बदल नाही. पण त्याच्या प्रश्नाला हे काही उत्तर नव्हतं. मग मी वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पालकांची परवानगी घेऊन बारा मुलांना नया नगरात घेऊन गेले. तो मुलगा सगळ्यांत पुढे होता. कारण शेवटचा मुक्काम त्याच्याच नानीच्या घरी होता.

पहिला थांबा दुधाची डेअरी. वसईकडच्या तबेल्यांतून दूध येतं, ते मोठ्या कढईत तापत होतं. शेजारी दह्याची मातीची कुंडी मांडलेली. डेअरीवाल्या चाचांना मी म्हटलं, "मुलांना विरजण कसं लावतात ते दाखवाल का?"

"विरजण? अच्छा, जामन!" चाचा म्हणाले.

आमच्यातली एक गुजराती मुलगी लगेच म्हणाली, "आमच्या घरी मेळवण म्हणतात." एका चमचाभर दह्याला तीन नावं! शब्द तेवढे वेगळे, काम सगळ्या घरांत एकच.

चाचांनी तापलेलं दूध निवायला ठेवलं. किती निवलं हे कसं कळणार? त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता. धुतलेली करंगळी दुधात बुडवून त्यांनी दहापर्यंत आकडे मोजले. बोट पोळलं नाही, पण ऊब लागत राहिली, की दूध तयार. मग एक चमचा जामन टाकून त्यांनी भांडं हलकेच ढवळलं आणि पोत्याखाली झाकून ठेवलं. "थंडी के दिन हैं, दही को भी रजाई लगती है!" मुलं हसली.

या चमचाभर दह्यात असतात कोट्यवधी जीवाणू. जीवाणू म्हणजे एकाच पेशीचा, डोळ्यांना न दिसणारा सजीव. दुधात एक साखर असते. हे जीवाणू ती साखर खातात आणि आम्ल तयार करतात. आम्लामुळे दुधातली प्रथिनं एकत्र येऊन दूध घट्ट होतं. झालं दही! अशा रीतीने पदार्थ आंबवणं ही जीवाणूंची खासियत.

हा प्रयोग तुम्ही घरी करून बघा. तीन वाट्यांत दूध घ्या. एकात कोमट, एकात खूप कडकडीत (हे आईने ओतायचं बरं का, तुम्ही नाही!) आणि एकात फ्रिजमधलं गार. तिन्हींत अर्धा-अर्धा चमचा विरजण घाला. गार दुधाची वाटी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा. सात-आठ तासांनी बघा. आम्ही वर्गात केला तेव्हा कोमट दुधाचं छान दही लागलं. कडकडीत दूध तसंच राहिलं, कारण त्यातले जीवाणू उष्णतेने मेले. आणि फ्रिजमधलंही तसंच राहिलं. पण त्यातले जीवाणू मेले नव्हते, गारठून बसले होते. ती वाटी बाहेर काढून ठेवली, तर उशिरा का होईना, दही लागलं.

दुसरा थांबा बेकरी. तिथे पीठ आदल्या रात्रीच भिजवलेलं होतं. परातीत ते फुगून वर आलं होतं. एका मुलाने बोट खुपसलं, तर खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला. इथे काम करतं ते खमीर, म्हणजे यीस्ट. यीस्ट हा जीवाणू नव्हे, ती एक प्रकारची बुरशी. पण घराणं तेच, न दिसणाऱ्या कामगारांचं. भाईंदरच्या पश्चिमेला उत्तनच्या बाजूला जे ख्रिस्ती ईस्ट इंडियन लोक राहतात, त्यांचे 'फुगे' तुम्ही खाल्ले आहेत का? पूर्वी त्यांचं पीठ ताडीने फुगवत असत. ताडीत यीस्ट असतंच. बेकरीवाल्यांनी प्रत्येकाला गरम पाव दिला. त्यामुळे पुढची दहा मिनिटं कुणी प्रश्न विचारले नाहीत.

चालता चालता मी त्यांना म्हटलं, "आता तुम्ही खाताय त्या पावाबरोबर आपण आत जाऊ या. चला, गाडी सुटली!"

तोंड हे पहिलं स्टेशन. लाळेतल्या पाचक रसाने पिठाची थोडी साखर होते. पाव बराच वेळ चावलात तर गोड लागतो, तो यामुळे. पुढे जठर. तिथे इतकं तीव्र आम्ल असतं, की अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू तिथेच खलास होतात. मग लहान आतडं. नाव लहान, पण लांबी सुमारे सहा मीटर! अन्नातला बहुतेक कस शरीर इथे शोषून घेतं. आणि शेवटी मोठं आतडं, जेमतेम दीड मीटर लांब, पण जाडजूड. आपल्या पाचक रसांना जे पचलं नाही, ते इथे येऊन पडतं. डाळींची सालं, भाकरीचा कोंडा, पालेभाजीचे धागे. आणि इथेच खरी वस्ती आहे.

किती जीवाणू असतील? जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं, की शरीरात जितक्या पेशी त्याच्या दहापट जीवाणू. २०१६ साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर हिशेब पुन्हा मांडला. एका मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू, असं उत्तर आलं. म्हणजे जवळजवळ बरोबरी. त्या सगळ्या जीवाणूंचं वजन भरलं फक्त २०० ग्रॅमच्या आसपास. एक वाटी दही, बस्स!

"बाई, ते तिथे करतात काय?" मुलांनी विचारलं.

करतात काय? राबतात! आपल्याला न पचलेला कोंडा आणि साली ते आंबवतात, अगदी चाचांच्या कुंडीसारखंच. त्यातून काही आम्लं तयार होतात. त्यांतलं एक तर आतड्याच्या आतल्या अस्तराचं मुख्य खाद्य आहे. आपण जीवाणूंना कोंडा द्यायचा, त्यांनी आतड्याला जेवण द्यायचं. शिवाय रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वंही ते बनवतात. आणि या कामाचा धूर निघतो तो...

मी थांबले, पण मुलांना कळलं होतंच. हशा पिकला! हसा बापडे. वाटाणे, चवळी, राजमा यांत काही अशा साखरा असतात, की त्या फोडायला लागणारा रस आपल्या शरीरात तयारच होत नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. कारखाना चालू असल्याची ती खूण. फार चिडवायचं नाही कुणाला.

त्यांचं आणखी एक काम आहे. ते कसं समजवावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात स्टेशनकडून गाडीचा भोंगा ऐकू आला. म्हटलं, हे बरं झालं. "सकाळी विरारहून आलेली लोकल मीरा रोडला थांबते, तेव्हा काय होतं?"

"बाई, चढताच येत नाही! दारातच माणसं असतात."

"तसंच! आतड्यात चांगल्या जीवाणूंनी सगळ्या जागा धरलेल्या असतात. खाऊनपिऊन, दाटीवाटीने बसलेले असतात. बाहेरून रोगजंतू आला, तरी त्याला ना पाय ठेवायला जागा, ना खायला काही. गेला बिचारा पुढच्या गाडीला!"

"आणि गाडी रिकामी असली तर?" हा प्रश्न त्या मुलानेच विचारला.

तोवर आम्ही एका औषधाच्या दुकानाजवळ आलो होतो. मी सगळ्यांना कडेला घेतलं आणि पर्समधून गोळ्यांचं एक रिकामं पाकीट काढून दाखवलं. त्यावर उभी लाल रेघ होती. ही रेघ तुम्हीही घरच्या औषधांवर शोधून बघा. लाल रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिक्सच्या बाबतीत लोकांना हे कळावं म्हणून सरकारने २०१६ साली मोहीमही काढली होती.

पण कळूनही वळत नाही, हेच दुखणं आहे. त्या मुलाचंच झालं ते असं. जुलैमध्ये त्याला सर्दी-ताप झाला. घरात मागच्या वेळच्या चार गोळ्या उरल्या होत्या, त्या दिल्या. संपल्यावर एका दुकानातून चिठ्ठीशिवाय आणखी आणल्या. सर्दी होते विषाणूंमुळे, आणि प्रतिजैविकं मारतात जीवाणूंना. विषाणूंवर ती चालतच नाहीत. म्हणजे गोळ्यांनी सर्दीला हातही लावला नाही. मग गोळ्यांनी मारलं कुणाला? पोटातल्या कामगारांना. गाडी रिकामी झाली. वर पावसाळ्यातलं पाणी. पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले. सातव्या दिवशी पोराला उभं राहवेना, ओठ सुकले, लघवी होईना, आणि दवाखान्यात भरती करावं लागलं. त्याची अम्मी मला सांगताना रडली. "बाई, मी तर त्याला औषध दिलं ना, विष थोडंच दिलं?" म्हणाली. तिचा दोष किती आणि विकणाऱ्याचा किती, हे तुम्हीच ठरवा. मी तर म्हणेन, शाळेत हे न शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांचाही आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर घरी जाऊन "बाई म्हणाल्या, गोळ्या वाईट" असं सांगाल. प्रतिजैविकं वाईट नाहीत. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, आणि १९५४ साली आपल्या पुण्याजवळ पिंपरीला सरकारने ही औषधं बनवायला खास कारखाना उभारला. न्यूमोनिया, टायफॉइड अशा दुखण्यांत ही औषधं माणसाचा जीव वाचवतात. डॉक्टरांनी दिली, तर ते सांगतील तितके दिवस, तितक्या वेळा घ्यायचीच. फक्त आपल्या मनाने, किंवा शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून घ्यायची नाहीत.

आणि जुलाब झाले तर? पालकांनी हे वाचावं. ओआरएसचं पाकीट जवळ हवं. एक लिटरचं असेल, तर ते सगळंच्या सगळं एक लिटर स्वच्छ पाण्यात घालायचं, थोडं-थोडं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको. घोट-घोट पाजत राहायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर एक मिनिटही थांबायचं नाही. जुलाबात घातक ठरतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जाणं. त्या मुलाला दवाखान्यात सलाइन लावलं आणि नंतर हेच साखर-मिठाचं पाणी पाजलं. मीठ कुठलं, तर आपल्या मिठागरांतलंही असू शकेल, असं एक मुलगी म्हणाली. असेलही! मिठाची गंमत बघा, लोणच्यात खूप घातलं की बहुतेक जंतूंना वाढू देत नाही, आणि पाण्यात चिमूटभर घातलं की माणसाला उभं करतं.

नानीचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. दारात चपलांचा ढीग झाला. नानी मूळच्या खेड तालुक्यातल्या. त्यांचं मराठी कोकणी वळणाचं, ऐकत राहावं असं. "या बाय, बसा. पोरांनो, पंखा नको लावू, पीठ गार पडेल," त्या म्हणाल्या.

कसलं पीठ? सांदणांचं! तांदळाचं, नारळाच्या दुधातलं, रात्रभर आंबवलेलं. कोकणी मुसलमानांच्या घरात सणासुदीला, पाहुण्यांना सांदणं हवीतच. झाकण काढलं तर पिठावर बुडबुडे आलेले. मुलं एका सुरात ओरडली, "जीवाणू!" नानी दचकल्या. "अगो, कुठे?" त्यांनी पदराने पीठ झाकलं. त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

घरात एक महिन्याभराचं बाळ होतं, त्या मुलाच्या मावशीचं. मुलांनी लगेच विचारलं, "हिच्याही पोटात आहेत?" आहेत तर! बाळ जन्माला येतं तेव्हापासून आईकडून आणि आजूबाजूच्या माणसांकडून त्याला हे जीवाणू मिळू लागतात. आणि ऐका, मला स्वतःला सगळ्यांत नवल वाटलं ते याचं. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या असतात कशाला? बाळाच्या पोटातल्या चांगल्या जीवाणूंसाठी! आई एका वेळी बाळालाही पाजते आणि बाळाच्या पाहुण्यांनाही जेवू घालते.

मी त्यांना पुण्याची गोष्ट सांगितली. पुण्याला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र नावाची संस्था आहे. तिथले डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन एकत्र कुटुंबं निवडली, जिथे मूल, मोठं माणूस आणि म्हातारं माणूस एकाच छपराखाली राहतात, एकाच चुलीवरचं खातात. त्यांच्या पोटातल्या जीवाणूंची तुलना केली. ती कशी केली असेल? "शी!" बरोबर ओळखलंत. शीचे नमुने तपासून! नाक काय मुरडता? शास्त्रज्ञांना नाक मुरडून चालत नाही. हा अभ्यास २०१२ साली छापून आला. एका घरात राहूनही वयाप्रमाणे जीवाणूंचं प्रमाण बदलतं, असं त्यात दिसलं. पुढे २०१६ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या आणखी एका अभ्यासात आढळलं, की भारतीय लोकांच्या पोटात 'प्रिव्होटेला' नावाचे जीवाणू विशेष जास्त असतात. धान्य, डाळी, भाज्या असं खाणाऱ्या लोकांच्या पोटात ते जगभर सापडतात. भाकरी-आमटीचे दोस्तच म्हणा ना.

"म्हणजे मी दही खाल्लं की बरा होईन ना?" मुलाने विचारलं.

इथे मला जपून बोलावं लागलं. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एली मेचनिकॉव्ह नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांना १९०८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. (मुंबईला प्लेगची लस तयार करून, १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.) बल्गेरियातले शेतकरी पुष्कळ दही खातात आणि खूप जगतात, असं मेचनिकॉव्ह यांनी ऐकलं आणि दह्यातल्या जीवाणूंनी आयुष्य वाढतं असं मांडलं. स्वतःही रोज आंबवलेलं दूध पीत. ते ७१ व्या वर्षी वारले. म्हणजे काही शंभरी गाठली नाही! पण पोटातले जीवाणू आपले मित्र असू शकतात, याकडे त्यांनी जगाचं लक्ष वेधलं.

आता असं समजलं जातं, की दह्यातले जीवाणू हे पाहुणे. येतात, चार कामं करतात, दुधातली साखर पचवायला मदत करतात आणि बहुतेक पुढे निघून जातात. ते आतड्यात कायमचं घर करत नाहीत. दही चांगलंच, रोज खावं. पण ते औषध नव्हे. कायमच्या रहिवाशांना जगवायचं तर त्यांचं जेवण पोटात गेलं पाहिजे. ज्वारी-बाजरी, सालासकट डाळी, मोड आलेली मटकी, कांदा, लसूण, केळी, पालेभाज्या. नुसता मैदा आणि कुरकुरीत पाकिटं खाल्ली, तर ते उपाशी राहतात.

नानी इतका वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाय, विरजण मेलं तर शेजारणीकडून आणायचं. मी आणलंय."

आणि त्यांनी सांगितलं. लग्न होऊन त्या मुंबईला आल्या, तेव्हा आईने गावच्या दह्याचं विरजण स्टीलच्या डब्यात घालून एसटीत दिलं होतं. एका दह्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, असं ते वर्षानुवर्षं चालत नया नगरपर्यंत आलं. मग आली २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडेही पाणी भरलं. वीज गेली, गाड्या बंद, दूध येईना. नानींचा नवरा तेव्हा चर्चगेटकडे अडकलेला, तो तिसऱ्या दिवशी चालत-चालत घरी आला. या सगळ्यात दह्याकडे कोण बघतो? वाटीत बुरशी आली. "आईचं दही गेलं," असं म्हणून त्या नवरा सुखरूप आल्यावर रडल्या. त्याआधी रडायला वेळ नव्हता.

आठवड्याने शांती नगरात राहणाऱ्या एक मराठी मैत्रीण भेटायला आल्या. त्यांनी कधीतरी नानींकडूनच विरजण नेलं होतं. त्यांच्याकडे ते चालू होतं. झाकण लावलेल्या वाटीत चमचाभर घेऊन आल्या होत्या.

मला एकदम आठवलं, ते मी मुलांना सांगितलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक शेपटीसारखी छोटी पिशवी असते, आंत्रपुच्छ, ज्याला आपण अपेंडिक्स म्हणतो. ते निरुपयोगी आहे असं पुष्कळ दिवस मानत. पण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या काही शास्त्रज्ञांनी २००७ साली एक कल्पना मांडली. जुलाबात सगळं वाहून गेलं, तरी त्या कोपऱ्यात थोडे चांगले जीवाणू सुरक्षित राहत असतील आणि नंतर पुन्हा आतड्यात पसरत असतील. ही अजून कल्पनाच आहे, सगळ्यांना पटलेली नाही. ज्यांचं अपेंडिक्स काढलं, तेही छान जगतात.

"शांती नगरवाली मौसी!" मुलगा म्हणाला. त्याने शर्ट वर करून पोटाच्या उजव्या बाजूला बोट लावलं. "ती इथे राहते."

सांदणं वाफवून झाली होती. पांढरीशुभ्र, जाळीदार. प्रत्येकाने दोन-दोन खाल्ली, एकाने पाच. त्या मुलाने तीन खाल्ली, आणि त्याच्या अम्मीने ती मोजलेली मी पाहिली. निघताना नानींनी बारा छोट्या झाकणाच्या डब्यांत चमचा-चमचा विरजण घातलं. कुणाच्या घरी दही लागतं, कुणाच्या नाही. दिलं मात्र सगळ्यांना.

जिना उतरताना एक डबी सांडली. लगेच "माझ्यातलं अर्धं घे" म्हणून तीन हात पुढे आले. स्टेशनजवळ पोहोचेपर्यंत ती मुलगी डबी छातीशी धरून चालत होती.

सोमवारी मी हजेरी घ्यायच्या आधीच वर्गात गलका सुरू होता. अकरा घरांत दही लागलं होतं. बाराव्या घरात मात्र दूध थंडच राहिलं. थंडीत रजाई घालायची विसरली होती म्हणे.